फॅन्टसी आरपीत नवीन आहात? मग तलवार उपसायच्या आधी हे वाचा

टेक्स्ट रोलप्ले, ज्याला सगळे सरळ आरपी म्हणतात, ते म्हणजे दोघातिघांनी नाहीतर दहाबारा जणांनी मिळून लिहिलेली गोष्ट. प्रत्येकाने आपापलं एक पात्र चालवायचं, आणि पुढे काय होणार ते कोणालाच धड माहीत नसतं. लेखक पण तुम्हीच आणि नट पण तुम्हीच. नवीन लोकांचं होतं काय, की ते यातला लेखकवाला भाग लगेच उचलतात, भारी पात्र बनवतात, त्याचा लांबलचक इतिहास लिहितात आणि मग सीनमध्ये आले की समोरच्याच्या पात्रालाही स्वतःच हलवायला लागतात. आरपीतली बहुतेक भांडणं इथूनच पेटतात. त्यामुळे एवढं एक आधी डोक्यात बसवा की तुमचं पात्र तुमचं, समोरच्याचं पात्र त्याचं, आणि मधली गोष्ट दोघांची. खाली जे काही सांगतोय ते सगळं फिरून फिरून इथेच येतं.

या सवयी आल्या कुठून ते दोन ओळीत सांगतो. फासे आणि कागद-पेन्सिलवाला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गेम १९७४ ला आला. मग १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉने मड नावाचा टेक्स्ट गेम लिहायला घेतला, तो पुढे रिचर्ड बार्टलने वाढवला, आणि त्यात बरेच जण एकाच वेळी एकाच जगात नुसतं टाईप करून फिरू शकायचे. १९८८ ला आयआरसी चॅट आलं, त्यात स्लॅश-मी (/me) टाईप केलं की तुमच्या नावापुढे तुमची कृती तिसऱ्या पुरुषात दिसायची, अमुक हसतो, तमुक खुर्ची ओढून बसतो, अशी. आजही आपण डिस्कॉर्ड नावाच्या चॅट ॲपवर कृती दोन स्टारच्या मध्ये लिहितो आणि बोलणं अवतरणात टाकतो, ती त्याच खानदानातली सवय आहे.

आधी वाचा, मग बोला

कुठल्याही नवीन सर्व्हरवर, म्हणजे डिस्कॉर्डवरच्या ग्रुपवर, गेलात की दोनतीन दिवस नुसतं वाचत बसा. नियमांचं चॅनेल वाचा, लोअर वाचा म्हणजे त्या जगाची माहिती, जादू कशी चालते, कोणाचं राज्य आहे, देव किती आहेत, बंदुका आहेत की नाहीत वगैरे. सगळं पाठ करायची गरज नाही, पण ज्या जगात जादू करणं गुन्हा आहे तिथे तुमचा जादूगार भर चौकात आगीचे गोळे उडवत आला तर सगळे कपाळाला हात लावतात. चालू सीन पण वाचा. लोक किती मोठ्या पोस्ट टाकतात, भूतकाळात लिहितात की वर्तमानात, किती वेळाने रिप्लाय येतो, हे नियमात कुठे लिहिलेलं नसतं, ते वाचूनच कळतं.

दोघांचा सीन रंगात आलाय आणि तुम्ही मधेच दार तोडून आत आलात, असं करायचं नाही. आधी बाहेर विचारा, 'मी येऊ का यात?' एवढं पुरतं. काही सीन सगळ्यांना खुले असतात, काही बंद असतात, आणि बहुतेक वेळा वरच तसं लिहिलेलं असतं, फक्त ते वाचायचे कष्ट घ्यावे लागतात.

हे 'बाहेर' म्हणजे ओओसी, पात्राच्या बाहेर. आणि पात्रात राहून जे बोलाल ते आयसी. ओओसी बोलायचं असेल तर डबल कंसात लिहितात किंवा त्याच्यासाठी वेगळं चॅनेल असतं तिथे जातात. सीनच्या मधोमध डबल कंसात फोन वाजला, नेट गेलं, हाहाहा, असं चालू ठेवलं की समोरच्याचा मूड जातो, तेव्हा गरजेपुरतंच.

पात्र

पात्राची शीट, म्हणजे त्याच्या माहितीचं पान, भरताना सगळ्यात जास्त वेळ लोक कशावर घालवतात तर डोळ्यांचा रंग आणि तलवारीचं नाव. ते मजेशीर आहे, नाही म्हणत नाही. पण सीन चालतो तो पात्राला काय हवंय आणि काय जमत नाही यावर. समजा रेवा नावाची जंगलातली वैद्य आहे. तिला हरवलेल्या भावाचा पत्ता हवाय, तिला जखमा भरता येतात पण खोटं बोलता येत नाही, आणि शहरातल्या गर्दीत ती गांगरते. झालं की! एवढ्यावर कोणीही तिच्यासोबत सीन सुरू करू शकतो. खोटं विकणारा एखादा दलाल तिला पत्ता देऊ करतो, शिपाई तिला हटकतात, काहीही.

याच्या उलट दुसरं पात्र बघा. अर्धा देव, अर्धा ड्रॅगन, सातही राज्यांचा हरवलेला वारस, पाच जादू येतात, कधी हरला नाही, भूतकाळ काळाकुट्ट आणि बघेल तो प्रेमात पडतो. अशा परफेक्ट पात्राला मेरी सू म्हणतात, हे नाव १९७३ सालच्या एका विडंबन कथेतून आलंय, म्हणजे तक्रार केवढी जुनी आहे बघा. अडचण ही की या पात्राबरोबर दुसऱ्यांना करायला काहीच उरत नाही, ते नुसते टाळ्या वाजवायला. ताकदवान पात्र ठेवायला कोणाची ना नाही, पण त्याला कशाची तरी गरज लागली पाहिजे, आणि ती दुसऱ्या पात्रांकडून पुरी होण्यासारखी असली तर उत्तमच.

आणि इतिहास सगळा आधीच लिहून मोकळं होऊ नका. अर्धा रिकामा ठेवा. सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणेल, अरे आपली दोघांची पात्रं लहानपणी भेटलेली असली तर? तेव्हा ती रिकामी जागा कामाला येते.

चित्र लावायचं असेल तर चित्रकाराचं नाव द्या, आणि त्याने वापरू नका म्हटलं असेल तर नका वापरू. नेटवर सापडलं म्हणजे आपलं झालं असं नसतं.

पोस्ट लिहायची कशी

इथे जरा थांबून बोलतो कारण खरा खेळ इथेच आहे. पोस्टमध्ये तुम्ही तुमच्या पात्राचा प्रयत्न लिहायचा, निकाल लिहायचा नाही. निकाल समोरचा लिहितो. रेवासमोर कर्दम नावाचा भाडोत्री योद्धा आहे असं धरा. कर्दम चालवणाऱ्याने असं लिहिलं:

*कर्दम रेवाचा हात पिरगळतो, ती वेदनेने ओरडते आणि पिशवी खाली टाकते. ती आता त्याला प्रचंड घाबरली आहे.*

बघा यात काय काय झालं. हात पकडला गेला, ती ओरडली, पिशवी पडली, वर ती काय फील करते ते पण यानेच ठरवलं. रेवा चालवणारीने आता लिहायचं काय? याला कोणी पॉवरप्ले म्हणतं, कोणी गॉडमॉडिंग, नावांवरून लोकांचे वाद होतात पण दोष तोच, दुसऱ्याचं पात्र तुम्ही चालवलंत. आता हेच असं बघा:

*कर्दम झटक्यात पुढे होतो आणि रेवाचं मनगट पकडायला हात टाकतो. नजर मात्र तिच्या पिशवीवर.* "त्यात काय आहे ते दाखव, नाहीतर मी स्वतः बघतो."

आता तिच्याकडे चार रस्ते आहेत, ती पकडली जाऊ शकते, निसटू शकते, पिशवी फेकू शकते, नाहीतर सरळ सांगू शकते की आत झाडपाला आहे. पहिल्या पोस्टपेक्षा ही जास्त धमकीची वाटते हेही लक्षात घ्या, कारण काय होणार ते अजून ठरलेलं नाहीये.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पोस्टमध्ये समोरच्याला धरायला काहीतरी द्या. प्रश्न, आवाज, हालचाल, एखादी वस्तू टेबलावर ठेवली, काहीही. नवीन लोक हमखास अशी पोस्ट टाकतात की पात्र कोपऱ्यात काळा झगा घालून एकटंच बसलंय, कोणाकडे बघत नाही, कोणाशी बोलत नाही, मनात जुन्या आठवणी. आणि मग तक्रार, की माझ्याशी कोणी आरपी करत नाही. अहो, करणार कसं? त्या गूढ माणसाचा कप निदान खाली पडू दे, शेजारच्याच्या अंगावर सांडू दे.

मनातले विचार लिहायला हरकत नाही, वाचायला मजा येते, पण दुसऱ्या पात्राला ते ऐकू जात नाहीत हे दोन्ही बाजूंनी पाळायचं. रेवा मनात म्हणाली की हा कर्दम खोटारडा दिसतोय, तर कर्दमने पुढच्या पोस्टमध्ये 'मला खोटारडा समजतेस काय' म्हणून भडकायचं नाही. ते वाचताय ते तुम्ही, कर्दम नाही. शीटमध्ये वाचलेलं, दुसऱ्या चॅनेलमधल्या सीनमध्ये घडलेलं, ओओसी गप्पात कळलेलं, यातलं काहीही पात्राला आपोआप माहीत होत नाही. हे वापरलं की मेटागेमिंग. कधीकधी मुद्दाम केलेलं नसतंच, नकळत होतं, म्हणून लिहिताना स्वतःलाच विचारायचं की हे माझ्या पात्राला कोणी सांगितलं?

लांबीचं विचाराल तर समोरच्याच्या आसपास राहा. त्याने तीन परिच्छेद लिहिले आणि तुम्ही 'ती हसली.' एवढंच टाकलं तर त्याला वाईट वाटणार. उलटही खरं आहे, पटापट दोन-दोन ओळींचा संवाद चाललाय आणि तुम्ही मधेच पडद्याच्या झालरीचं वर्णन करत बसलात तर सगळा वेग मेला. डिस्कॉर्डवर साध्या अकाउंटला एका मेसेजमध्ये २००० अक्षरांची मर्यादा आहे, ती रोज भरलीच पाहिजे असं काही नाही. आणि शुद्धलेखनावरून कोणाला टोकू नका, त्याने स्वतः सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. कळलं म्हणजे झालं.

मराठीत आरपी करणाऱ्यांना दोन गमतीशीर अडचणी येतात. एक, पात्र स्त्री की पुरुष ते लपवता येत नाही, आला आणि आली मध्येच भांडं फुटतं. मुखवट्यातलं रहस्यमय पात्र आणायचं असेल तर 'आकृती पुढे सरकली', 'त्या व्यक्तीने दार ढकललं' असं फिरवून लिहावं लागतं, दोन्ही शब्द स्त्रीलिंगीच असल्याने काही फुटत नाही. दुसरी म्हणजे तू, तुम्ही आणि आपण. शिपाई राणीला तू म्हणाला तर तो अपमान आहे की टायपो हे वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून आधीच ठरवून घ्या कोण कोणाला काय म्हणतं. मग एखाद्या दिवशी भर दरबारात 'आपण'वरून 'तू'वर आलात की त्या एका शब्दात अख्खा सीन फिरतो. आणि तुमच्या पात्राने समोरच्या पात्राला अरेतुरे केलं म्हणून ओओसीमध्ये अनोळखी माणसाला अरेतुरे सुरू करू नका, तो तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा असू शकतो.

मारामारी

मारामारीत सगळ्यांची परीक्षा असते. साधा नियम, वार करायचा तर तो खायची पण तयारी ठेवा. प्रत्येक वार चुकवणारं पात्र म्हणजे बुद्धिबळात स्वतःचं प्यादं मारलं की ते परत पटावर ठेवणारा गडी, एकदा खेळतात लोक त्याच्याशी, परत नाही. तीन वार आले तर एखादा तरी लागू द्या, खांदा फाटू दे, पाय घसरू दे. हरलेला सीन बहुतेक वेळा जिंकलेल्यापेक्षा जास्त पुढे जातो, कारण हरलेल्या पात्राला उद्या करायला काहीतरी असतं.

सगळ्यात सोपं म्हणजे लढाईच्या आधी ओओसी विचारायचं की निकाल ठरवून खेळायचा की फाशांवर. ठरवून खेळलं म्हणजे मजा जाते असं काहींना वाटतं, मला उलटं वाटतं, शेवट माहीत असला की दोघंही निवांतपणे छान लिहितात. फाशांवर खेळायचं तर सर्व्हरवर फासे टाकणारा बॉट असतो, बहुतेक २० बाजूंचा फासा वापरतात, त्यात कुठलाही एक आकडा पडायची शक्यता ५ टक्के. १ पडला तर रडायचं नाही आणि 'बॉट हँग झाला होता, परत टाकतो' पण करायचं नाही. १ पडलेला वार कसा फसला हे लिहिण्यात खरी धमाल असते.

दुसऱ्याचं पात्र मारायचं, कायमचं जायबंदी करायचं, त्याची जादू काढून घ्यायची, यातलं काहीही त्याच्या स्पष्ट होकाराशिवाय नाही. 'माझं पात्र तसंच आहे, मी काय करू' हे उत्तर चालत नाही, पात्र तुम्हीच लिहिताय.

गर्दीचा सीन

पाच-सहा जण एका सीनमध्ये असले की आधी क्रम ठरवा आणि पाळा. काही ठिकाणी असं असतं की तुमच्या पोस्टनंतर निदान दोघांनी लिहिलं की मग परत तुमची पाळी. कोणी गायब असेल तर किती वेळ थांबायचं तेही ठरवा, समजा एक दिवस, आणि मग त्याला वगळून पुढे जा, परत आला की घ्या सामावून. तुमच्या आधी तीन पोस्ट आल्या असतील तर तिघांपैकी निदान एकाला तरी थेट उत्तर द्या आणि बाकीच्यांची दखल एका ओळीत घ्या. फक्त आपल्या दोस्ताच्या पात्राशी बोलायचं आणि नवीन आलेल्याकडे पाठ करायची, हे दिसतं सगळ्यांना.

कोणी तुमच्या पोस्टवर रिप्लाय दिल्यावर मागे जाऊन पोस्ट बदलू नका. टायपो ठीक आहे. घटना बदलायची असेल तर विचारा, दोघांनी मान्य केलं तर ती घटना झालीच नाही असं धरून पुढे जाता येतं, त्याला रेटकॉन म्हणतात.

पात्राचा राग पात्राजवळ

कर्दमने रेवाला शिव्या दिल्या म्हणजे कर्दम चालवणाऱ्याने तुम्हाला दिल्या नाहीत. हे वाचायला सोपं आहे, रात्री एक वाजता पाळायला अवघड, कारण महिनोन्महिने एखादं पात्र चालवलं की त्याचं दुःख थोडं आपलं होतंच. पात्राच्या भावना आपल्यात उतरणं किंवा आपल्या त्याच्यात, याला ब्लीड म्हणतात आणि ते होणं नॉर्मल आहे. जड सीन झाला की ओओसी दोन शब्द बोलायचे, 'ठीक आहेस ना, सीन भारी झाला', एवढं केलं तरी खूप फरक पडतो. प्रेमाच्या सीनमध्ये तर डबल काळजी. दोन पात्रांचं जमलं म्हणजे दोन माणसांचं जमलं नाही, आणि समोरच्याने दुसऱ्या कोणाबरोबर तसाच सीन केला तर रुसायचा हक्क तुम्हाला नाही.

सुरुवातीलाच विचारून घ्या की तुला कुठला विषय अजिबात नको आणि कुठला पडद्याआड चालेल. हे टेबलावरच्या गेममधून आलंय, तिथे याला लाइन्स आणि व्हेल्स म्हणतात. कोणाला छळाचं वर्णन नको असतं, कोणाला लहान मुलांना इजा झालेली नको असते, कारण विचारायचं नाही, नको म्हणजे नको. पडद्याआड म्हणजे घटना घडते पण सीन तिथे कट करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू करायचा. मधेच नकोसं झालं तर कोणीही 'थांबूया' म्हणू शकतं, आणि थांबायचं, चर्चा नंतर.

अठराच्या आतलं कोणी असेल तर त्याच्याबरोबर प्रौढ सीन नाही, म्हणजे नाहीच, पात्राचं वय तीनशे लिहिलं असलं तरी. वय माहीत नसेल तरी नाही. आणि तुम्ही स्वतः लहान असाल तर खोटं वय सांगून असल्या चॅनेलमध्ये शिरू नका. कोणी सीनच्या निमित्ताने खरं नाव, शाळा, फोटो, नंबर विचारायला लागलं, किंवा 'हे मॉडना सांगू नकोस' म्हणालं, तर लगेच स्क्रीनशॉट काढा आणि मॉडना, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना, सांगा. पात्रात राहून उत्तर द्यायची काही गरज नाही.

उशीर, कंटाळा, निरोप

रिप्लायला उशीर होतो, सगळ्यांना नोकरी, परीक्षा, घर आहे. चार तासांनी 'हॅलो???' पाठवू नका. एकदा आठवण करणं ठीक, तीही आठवड्याने वगैरे. तुम्हालाच वेळ नसेल तर 'पंधरा दिवस बिझी आहे' एवढी एक ओळ टाका, गायब होण्यापेक्षा ती लाख पटीने बरी. चॅटबॉटकडून पोस्ट लिहून घ्यायची आणि स्वतःची म्हणून टाकायची हा नवीन प्रकार निघालाय, माझं मत विचाराल तर समोरचा तुमच्याबरोबर लिहायला बसलाय, त्याला निदान सांगा तरी.

सीनचा कंटाळा आला तर तेही सांगता येतं. 'हा सीन इथे बंद करून दुसरा सुरू करूया का?' असं विचारलं की बहुतेक वेळा पलीकडूनही सुटकेचा निःश्वास येतो. ग्रुपच सोडायचा असेल तर पात्राला एखादं काम काढून लांब पाठवा. रेवाला भावाचा पत्ता मिळाला आणि ती पहाटेच्या तांड्याबरोबर उत्तरेला निघाली, तिची औषधांची पेटी कर्दमकडे ठेवून. मग कर्दम चालवणाऱ्याला सांगा की त्या पेटीचं काय करायचं ते तू ठरव, आणि मॉडना कळवा की रेवाचं नाव कोणी वापरलेलं चालेल की नाही.